कादंबरीतला गुप्त निसर्गपूजक पंथ खरा वाटत नाहीये, मदत हवी

रानभूल:
नमस्कार मंडळी, इथे फॅन्टसी लिहिणारे-वाचणारे बरेच आहेत म्हणून विचारतेय. माझ्या कादंबरीत मेरवण नावाचं राज्य आहे. राजधानीत अग्निपीठ, म्हणजे राजघराण्याचा धर्म, मोठी मंदिरं, पगारी पुजारी सगळं. आणि उत्तरेच्या जंगलात मुळकरी नावाचा गुप्त पंथ, हे लोक झाडांना, ओढ्यांना, जमिनीखालच्या मुळांना मानतात. नायिका ऐरा दरबारातली मोजणीदार आहे, राजाला जहाजं बांधायला लाकूड हवंय म्हणून तिला जंगल मोजायला पाठवतात आणि तिथे तिला कळतं की तिची सख्खी मावशीच मुळकरी आहे.

इथपर्यंत मला आवडतंय. पण पंथाचे सीन आले की सगळं स्टेजवर चालल्यासारखं वाटायला लागतं, पौर्णिमा, हिरवे झगे, रिंगण, मंत्र, कोणाच्या तरी हातात सुरी. मैत्रिणीने ड्राफ्ट वाचून विचारलं की पौर्णिमा सोडून बाकीचा महिना ही माणसं करतात काय, आणि तो प्रश्न आता डोक्यातून जातच नाहीये. ते गुप्त का राहतात, सापडत कसे नाहीत, आणि पूजा म्हणजे नेमकं काय करतात? इतिहासातलं काही आधाराला घेता येईल का? त्यांना व्हिलन करायचं नाहीये पण वनदेवीचे गोग्गोड भक्तही नकोत.

शाईपट्टी:
गुप्त का, हे आधी पक्कं करा, बाकीचं त्यातूनच निघेल. राजाला कोणी झाडाला नमस्कार केला तर काय फरक पडतो? काहीच नाही. त्याला भीती वाटते ती माणसं त्याला न विचारता जमतात, एकमेकांना शपथ देतात आणि पैसा गोळा करतात याची. रोममध्ये इ.स.पू. 186 ला सिनेटने बाकस या दारूच्या देवाच्या गुप्त उत्सवांवर कारवाई केली, लिव्ही हा इतिहासकार सात हजारांहून जास्त माणसं यात गुंतलेली होती असं सांगतो आणि त्यातल्या बऱ्याच जणांना मारलं गेलं. त्या हुकुमाची कांस्याची पाटी पुढे दक्षिण इटलीत सापडली, त्यातला मजकूर तुमच्यासाठी सोनं आहे. पूजा सरसकट बंद केलीच नाही! परवानगी काढून करता येईल, पण पाचापेक्षा जास्त लोक नकोत, त्यात पुरुष दोन आणि बायका तीन, सामायिक पैसा ठेवायचा नाही, पुरुष पुजारी नको, एकमेकांना शपथ द्यायची नाही. देव चालेल, संघटना चालणार नाही. अग्निपीठाचा हुकूम अगदी या धर्तीवर लिहा, वाचकाला राजा मूर्ख न वाटता हुशार वाटेल आणि हुशार राजाचीच जास्त भीती वाटते.

दुसरं म्हणजे तुमच्या कथेत जंगलच राजाला हवंय, त्यामुळे पंथाला वेगळी जन्मकथा द्यायची गरजच नाही. इंग्लंडमध्ये 1066 नंतर नॉर्मन राजांनी मोठमोठी जंगलं स्वतःच्या शिकारीसाठी राखीव केली, त्यासाठी वेगळा कायदा, वेगळे अधिकारी, वेगळी कोर्टं. हरणामागे धावू नये म्हणून आसपासच्या लोकांच्या कुत्र्यांच्या पुढच्या पंजाची नखं छाटायचे. 1217 मध्ये जंगलाची सनद निघाली तेव्हा कुठे हरीण मारल्याबद्दल जीव किंवा अवयव जाणार नाही असं लेखी आलं. म्हणजे आजी ज्या वाटेने उघडपणे ओढ्यावर दिवा ठेवायला जायची त्याच वाटेने जाणं नातीसाठी गुन्हा आहे. मुळकरी बदललेच नाहीत, कायदा त्यांच्या अंगावर आला. मला हे कुठल्याही शापापेक्षा आणि भविष्यवाणीपेक्षा जास्त भिडतं.

आणि सगळ्यात मोठं झाड तोडायचा सीन असेल तर बोनिफेसची गोष्ट वाचा. 723 च्या आसपास या मिशनऱ्याने जर्मन प्रदेशात गाइस्मारला डोनार या मेघगर्जनेच्या देवाचा ओक तोडला आणि त्याच लाकडातून प्रार्थनाघर बांधलं, असं त्याच्या चरित्रात आहे. लोक बघत उभे होते, देव कोपेल म्हणून वाट बघत होते, वीज पडली नाही. तुमच्याकडे त्या लाकडाचं जहाज होईल. वीज न पडल्यानंतर मुळकरी एकमेकांशी काय बोलतात तो चॅप्टर मला वाचायचाय.

पानगळ:
मी जंगलाशी संबंधित काम करतो त्यामुळे माझं उत्तर त्या बाजूने. बहुतेक लेखक "निसर्गाची पूजा" म्हणतात आणि तिथेच थांबतात, पण निसर्ग असं सरसकट काही कोणी पूजत नाही हो, कोणीतरी या झऱ्याला मानतं, त्या कड्याला मानतं, अमुक एका झाडाचं फळ अमुक दिवसाआधी तोडत नाही. आधी तुमच्या जंगलात काय उगवतं ते ठरवा आणि मगच मंत्र लिहा.

एक आयडिया देतो, हवी तर घ्या. बांबूच्या काही जाती कित्येक वर्षांनी एकदाच फुलतात, सगळीकडे एकदम, आणि मग मरतात. मिझोराममधला एक बांबू साधारण 48 वर्षांनी फुलतो, त्या काळाला तिथे मौताम म्हणतात. फुलल्यावर खाली फळांचा खच पडतो, त्यावर उंदीर वाढतात, फळं संपली की तेच उंदीर शेतात आणि कोठारात घुसतात आणि दुष्काळ पडतो. 1959 ला हेच झालं, म्हाताऱ्या लोकांना आधीचं फुलणं आठवत होतं आणि इशारे दिलेही गेले, पण सरकारी यंत्रणेने ते फार मनावर घेतलं नाही. त्या दुष्काळातल्या मदतीसाठी उभ्या राहिलेल्या संघटनेतूनच पुढे राजकीय पक्ष झाला आणि 1966 मध्ये उठाव. एका गवताच्या फुलण्यातून, बांबू म्हणजे गवतच की!

आता हे मेरवणमध्ये आणा. मुळकऱ्यांकडे काय आहे, तर मोजदाद. बांबू कधी फुलला, ओढा कुठल्या वर्षी आटला, कुठल्या साली कुठल्या झाडाला भरमसाठ बी आलं, हे पिढ्यानपिढ्या गाण्यात बांधून ठेवलंय आणि पूजा म्हणजे ती गाणी चुकू न देता म्हणणं. मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळतं, बाकीचा महिना ते जंगल बघत असतात, फांदीला गाठ मारतात, दगडावर पाण्याची खूण करतात, पोरांकडून गाणी घोकून घेतात. आणि ऐरा स्वतः मोजणीदार आहे! ती साखळी टाकून मोजते, मावशी गाण्यातून मोजते, दोघींचा धंदा एकच की.

सापडत कसे नाहीत याबद्दल. काही बुरशा कुजणाऱ्या लाकडात वाढतात आणि ते लाकूड ओल असताना अंधारात हिरवट चमकतं. उजेड फार मंद असतो, डोळे अंधाराला सरावल्याशिवाय दिसत नाही आणि जवळ मशाल असेल तर अजिबात दिसत नाही. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात टर्टल नावाची एका माणसाची पाणबुडी होती, आत मेणबत्ती लावली तर हवा संपेल म्हणून होकायंत्राला असं चमकणारं लाकूड लावलं होतं. तर मुळकरी वाटेवर असे तुकडे ठेवतात. राजाचे शिपाई मशाली घेऊन जंगलात शिरतात आणि त्या मशालींमुळेच त्यांना वाट दिसत नाही. जादू लागत नाही. फक्त कोरड्या दिवसांत ही युक्ती चालत नाही एवढं लक्षात ठेवा, आणि पकडले जायचा सीन तेव्हाचाच घ्या.

रानभूल:
पानगळ दादा, मशालीचं वाचून अंगावर काटा आला, हे घेणारच. शाईपट्टी, "पाचापेक्षा जास्त नकोत" वरून लगेच सुचलं की मुळकरी मुद्दाम पाच-पाचच्या गटात भेटतात, म्हणजे कायद्याचं अक्षर पाळतात आणि पाचही जण दुसऱ्या गटातल्या फक्त एकाला ओळखतात.

पण एक शंका. गाणी तोंडीच ठेवायची तर इतक्या पिढ्या ती टिकतील हे वाचकाला पटेल का? आणि लिहून का ठेवत नाहीत?

शाईपट्टी:
पटेल. रोमन सेनापती सीझरने गॉलमधल्या (आजच्या फ्रान्सच्या बाजूच्या) ड्रुइडांबद्दल, म्हणजे तिथल्या पुजाऱ्यांबद्दल लिहिलंय की काही जण वीस वर्षं शिकायचे, सगळं पाठ, आणि बाकीच्या कामांना ग्रीक लिपी वापरायचे तरी ही विद्या लिहिणं त्यांना चालायचं नाही. कारणंही तोच देतो, एक म्हणजे ती भलत्यांच्या हाती पडू नये आणि दुसरं, लिहिलेलं आहे म्हटलं की माणूस पाठ करायचं सोडतो. दोन्ही कारणं मावशीच्या तोंडी शोभतील.

कोरडी_विहीर:
वरचं सगळं छान आहे पण माझा एका गोष्टीवर थोडा विरोध आहे. पानगळ यांच्या सांगण्यातून मुळकरी फारच शहाणे होतायत, जणू वैज्ञानिकच, फक्त कपडे वेगळे. तोंडी चालणारी गोष्ट घासते, वळते, काही भाग निरर्थक होतो आणि लोक तोच भाग सगळ्यात जास्त जपतात. जपानमध्ये 1614 ला ख्रिश्चन धर्मावर देशभर बंदी आली, लोकांना पवित्र चित्रावर पाय ठेवायला लावून तपासायचे, तरी काही गावांनी धर्म लपवून ठेवला, मेरीची मूर्ती कानोन या बौद्ध देवतेच्या रूपात घरात. 1865 मध्ये नागासाकीला नवीन बांधलेल्या चर्चमध्ये काही गावकरी गेले आणि तिथल्या फ्रेंच पाद्रीला हळूच सांगितलं की आमचं आणि तुमचं मन एकच आहे. अडीचशे वर्षं! पण लॅटिन-पोर्तुगीज प्रार्थनांचे शब्द इतके बदलले होते की म्हणणाऱ्यांनाही बऱ्याच ठिकाणी अर्थ माहीत नव्हता, आणि बंदी उठल्यावर सगळे चर्चमध्ये परत गेलेच नाहीत, काहींना आपल्या वाडवडिलांचंच जवळचं वाटलं. तर मुळकऱ्यांच्या गाण्यात एक कडवं असं ठेवा ज्याचा अर्थ कोणालाच लागत नाही, मावशीलाही नाही, आणि तरीही ते चुकीचं म्हटलेलं तिला खपत नाही. आणि प्लीज शेवटी त्याचा उलगडा करू नका.

दुसरं जास्त महत्त्वाचं. चौकशी करणारा पंथाला नुसतं शोधत नाही तर बदलतोही. उत्तर इटलीत फ्रिउली भागात सोळाव्या शतकात बेनानदांती म्हणून लोक होते, पडद्यासकट (डोक्यावर गर्भाच्या पातळ पिशवीचा तुकडा घेऊन) जन्मलेली माणसं, ती म्हणायची की वर्षातून चार वेळा ठराविक रात्री शरीर झोपलेलं असताना आमचा आत्मा बाहेर पडतो आणि आम्ही बडीशेपेच्या काड्या घेऊन चेटकिणींशी लढतो, त्यांच्या हातात ज्वारीची ताटं असतात, आम्ही जिंकलो तर पीक चांगलं येतं. 1575 पासून चर्चच्या चौकशा सुरू झाल्या. चौकशी करणाऱ्यांच्या मते रात्री असे जमणारे एकाच प्रकारचे असू शकतात, सैतानाचे. तेच तेच प्रश्न पिढीभर विचारल्यावर सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत काही बेनानदांती स्वतःच सांगायला लागले की हो, आम्ही सैतानाच्या मेळ्याला जातो. म्हणजे पिकाचे राखणदार स्वतःच्याच तोंडाने चेटके झाले. मला यापेक्षा भयानक काही माहीत नाही.

म्हणून तुमचे ते हिरवे झगे आणि सुरी फेकून देऊ नका! ते अग्निपीठाच्या कागदपत्रांत ठेवा. ऐरा निघण्याआधी दफ्तरात वाचते की मुळकरी पौर्णिमेला रक्त सांडतात, आणि जंगलात गेल्यावर तिला दिसतं की म्हातारी माणसं गाणी घोकतायत. पण त्यातच एक विशीतला पोरगा असू दे ज्याने अग्निपीठाचीच वर्णनं ऐकून ऐकून खरोखर सुरी आणलीये, कारण आपण असेच असायला हवं असं त्याला वाटायला लागलंय. व्हिलन नको म्हणालात ना, हा व्हिलन नाहीये, पण माणूस मारेल.

पानगळ:
कोरडी_विहीर यांचं बरोबर आहे, अर्थ न लागणारं कडवं हवंच. मी फक्त एवढंच म्हणेन की मोजदाद खरी ठेवा, अर्थ चुकीचा लावू दे. बांबू फुलतो तेव्हा मुळं रागावलीत असं ते मानतात. कारण खोटं, तारीख खरी.

उंबरठा:
मी नेहमी फक्त वाचते, पण एक विचारावंसं वाटलं. मुळकऱ्यांना दुष्काळ येणार हे आधी माहीत असेल तर ते राजधानीला सांगतात की नाही? सांगितलं तर कसं कळलं हे विचारतील आणि सगळे पकडले जातील. नाही सांगितलं तर शहरातली लेकरं उपाशी मरणार ज्यांचा यात काही संबंध नाही. मला वाटतं तुमची कादंबरी इथे आहे, ती जंगलात कमी आहे. मावशी गोड वाटू नये म्हणत होतात, तर मागच्या फुलण्याच्या वेळी ती तरुण होती आणि गप्प बसली होती असं असेल तर? आणि ऐराची आई त्याच दुष्काळात गेली असेल तर?

कोरडी_विहीर:
उंबरठा ताई, हे जबरदस्त आहे. तुम्ही फक्त वाचू नका, लिहा.

रानभूल:
उंबरठा, मी हे वाचून उठून घरभर फिरले. ऐराची आई लहानपणी गेली एवढंच ड्राफ्टमध्ये आहे, कशाने ते मी कधी ठरवलंच नव्हतं, आता ठरलं.

सध्या असं धरतेय, बांबू 50 वर्षांनी नको, नाहीतर मावशीचं वय जुळत नाही, 30 वर्षांवर आणते, माझं जंगल आहे तर माझा बांबू. ऐरा तेव्हा दोन वर्षांची. साखळी टाकताना तिला कळ्या दिसतात, तिच्या दृष्टीने ती फक्त नोंद आहे, ती रात्री मावशीला सहज सांगते आणि मावशीच्या हातातलं काम थांबतं. पाच जणांची बैठक त्याच रात्री, सुरीवाला पोरगा म्हणतो शहर मरू दे, मावशी या वेळी सांगायचं म्हणते, आणि मागच्या वेळी काय झालं हे ऐराला तिथे पहिल्यांदा कळतं. झगे कोणाच्याच अंगावर नाहीत, पावसाने भिजलेल्या घोंगड्या आहेत.

फक्त एक अडलंय, ऐराने हे सगळं अंधारात बाहेरून ऐकावं की मावशीने तिला स्वतः हाताला धरून बैठकीत न्यावं? नेलं तर ती सहावी होते आणि त्यांचा नियम मोडतो. मला नेणंच बरोबर वाटतंय. आधी तसा लिहून बघते आणि इथेच टाकते, वाचून बोला सगळ्यांनी.