मदत हवी आहे: बांगड्याचं कालवण मटणाच्या रश्श्यासारखं लागतंय

नमस्कार मंडळी. आम्ही कोल्हापूरचे. तांबडा-पांढरा मध्यरात्री उठवून करायला सांगा, करीन. माशापाशी मात्र माझं घोडं अडतं.

सून वेंगुर्ल्याची. तिच्या माहेरी ओल्या नारळातलं, तिरफळं घातलेलं बांगड्याचं कालवण करतात, तसं मला घरी करायचंय. तिलाच विचारा म्हणाल, तर तिचं उत्तर ठरलेलं, "छान झालंय आई." आणि वाटीतलं कालवण वाटीतच.

माझी पद्धत अशी. कांदा आणि सुकं खोबरं तेलावर तांबूस भाजते, आलं-लसूण-कोथिंबिरीबरोबर वाटते. फोडणीत घरची कांदा-लसूण चटणी, त्यावर वाटण, तेल सुटेपर्यंत परतणं, मग पाणी आणि सणसणीत उकळी. आमसुलं तेव्हाच पडतात. तिरफळं विहीणबाईंनी डबाभर पाठवलीत, वाळलेली, ती वाटणातच वाटते. बांगडे शेवटी.

चव कडवट उतरते. ओलं खोबरं वापरून पाहिलं तर रस्सा फुटून चोथा आणि पाणी वेगळं झालं. बांगडा ढवळताना मोडतो आणि काटे रश्श्यात. कुठे काय बदलू? शिवाय आमच्याकडे मासा घाट चढून बर्फातून येतो, तो चांगला आहे हे कशावरून ओळखायचं?

मूळची मालवणची, सध्या पुण्यात

काकू, रस्सा तुमचा उत्तमच असणार, बांगडा त्यात पाहुणा आलाय इतकंच. चटणी, आलं, लसूण, सुकं खोबरं, फोडणी, सगळं बाजूला ठेवा. तिरफळ आणि लसूण एका भांड्यात नांदत नाहीत.

चार मध्यम बांगड्यांना एक वाटी ओलं खोबरं, भिजवलेल्या सात-आठ बेडगी मिरच्या, चमचाभर धणे, हळद. भाजायचं काहीच नाही. थोडं थोडं पाणी घालत गंधासारखं बारीक वाटा, पण मिक्सर सलग फिरवू नका. खोबरं तापलं की तेल सोडतं आणि कालवण फुटतं. वाटताना चमचाभर भिजवलेले तांदूळ घातलेत तर ते धरून राहतं.

कडूपणा तिरफळांचाच. आतली काळी बी काढून टाका, वास सगळा सालीत असतो. आठ-दहा सालं जरा ठेचून अख्खीच कालवणात सोडा, वाटू अजिबात नका. जेवताना ती बाजूला काढायची असतात.

वाटण, पाणी, मीठ, तिरफळं एकत्र मंद आचेवर ठेवा. कढ आला की चार-पाच आमसुलं आणि बांगड्याचे तुकडे सोडा. सात-आठ मिनिटं पुरे, खळखळा उकळू द्यायचं नाही. मासा पडल्यावर भांड्यात चमचा घालू नका, फडक्याने धरून भांडंच गोल हलवा. गॅस बंद केल्यावर वरून चमचाभर कच्चं खोबरेल.

रत्नागिरीकर

बाकी सगळं मान्य. पण वाटणात कच्चा कांदा थोडा हवाच, आमच्याकडे त्याशिवाय करत नाहीत. आमसुलं चाखत घाला आणि कालवण दुसऱ्या दिवसासाठी ठेवणार असाल तर ती काढून घ्या, नाहीतर सकाळी दात आंबतील.

मूळची मालवणची, सध्या पुण्यात

कांद्यावरून दर दहा मैलांवर भांडण आहे. वेंगुर्ल्याला काय करतात ते विहीणबाईंना विचारा. त्या "छान झालंय" म्हणून थांबायच्या नाहीत.

घाटावरचा मासेखाऊ

ताजेपणाचं मी सांगतो. डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा, खोल गेलेला पांढुरका नको. कल्ले उचलून बघा, आत लालभडक असायला हवं. बोटाने दाबलेला खड्डा लगेच भरला पाहिजे. पोट फुटलेला बांगडा स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. घरी आणल्यावर ओट्यावर ठेवू नका, साफ करून लगेच फ्रीजमध्ये. आणि जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा "आजचाच आहे" म्हणणाऱ्याचे कल्ले जरा जास्तच निरखून बघा. माशाचे म्हणतोय.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. विहीणबाईंना फोन केला. कांदा घालतात, पण अर्धाच. लसणाचं नाव काढलं तर हसल्याच. आता एकच राहिलं: सोबत भाकरी चालेल का?

मूळची मालवणची, सध्या पुण्यात

उकड्या तांदळाचा भात करा. भाकरीच हवी असेल तर तांदळाची. ज्वारीची तुमच्या तांबड्यासाठी ठेवा.