पोकरमध्ये रिव्हरवर (शेवटच्या पानावर) पॉटएवढा (मधे जमलेल्या रकमेएवढा) ऑल-इन (उरलेले सगळे पैसे) आला, तुम्ही कॉल केला असता का (तेवढेच पैसे लावले असते का)?

कुडाळकर:
गेल्या शनिवारी पणजीला, मांडवीतल्या जहाजावर, १००-२०० चं (सुरुवातीच्या सक्तीच्या रकमा) टेबल. माझ्याकडे बदाम एक्का, किलवर राजा. फ्लॉपला (सगळ्यांची सामाईक पहिली तीन पानं) चौकट राजा, इस्पिक दश्शी, इस्पिक पंजी. टर्नला (चौथं पान) बदाम दुर्री. दोन्ही वेळा मी पैसे लावले, समोरच्या काकांनी गुपचूप कॉल केलं. रिव्हरला इस्पिक सत्ती पडली. पॉट १३,००० च्या आसपास, आणि काकांनी उरलेले सगळे १३,००० पुढे सरकवले. चिप्सची चळत सोडताना त्यांची बोटं थरथरत होती. त्याआधी तीन तासांत त्यांनी एकदाही स्वतःहून मोठी रक्कम लावली नव्हती. मी पानं टाकली. छोट्या टेबलावर अशा माणसाचा रिव्हरचा ऑल-इन सोडायचाच, या मतावर मी ठाम आहे. मित्र म्हणतो, भ्यालास.

त्रैराशिक:
मित्राचं बरोबर आहे. १३,००० घालून एकूण ३९,००० हाती लागणार, म्हणजे तीन कॉलपैकी एक जिंकलात तरी बरोबरी. रेक (कॅसिनोचा वाटा) कापतात म्हणून किंचित जास्त धरा. आता काकांची पानं बघा. राणी-गुलाम असेल तर ते सलग पाच पानांसाठी एक्का किंवा नव्वीची वाट बघत होते. राणी-गुलाम १६ तऱ्हांनी येतात, इस्पिकचा फ्लश (पाचही पानं इस्पिकची) वगळला तर १५. सगळे हुकलेले! आणि तुम्ही नेहमी सोडता हे टेबलाला कळलं तर संपलंच. पॉटएवढा ब्लफ (हात नसताना लावलेली रक्कम) निम्म्या वेळा चालला की लावणाऱ्याची बरोबरी होते, त्यापुढे नफाच.

कुडाळकर:
१५ मान्य. पण फ्लश, टू पेअर (दोन जोड्या), तीन पंज्या वगैरे मिळून मला हरवणाऱ्या ३० तऱ्हा धरा. मग कॉल परवडायला १५ ब्लफ हवेत, म्हणजे काकांनी हुकलेला प्रत्येक राणी-गुलाम घेऊन १३,००० लावायला हवेत. तीन तास कॉल-कॉल करणारा माणूस हुकल्यावर चेक करतो (पैसे न लावता गप्प राहतो) हो.

डिचोलीकरीण:
आम्हा गोवेकरांना २०२० पासून कॅसिनोत खेळायला बंदी आहे, पण डीलर म्हणून मी तीन वर्षं पानं वाटली आहेत. बोटं थरथरली म्हणजे बहुतेक वेळा हात मोठा. ब्लफ करणारा श्वास धरून गप्प बसतो. तुम्ही सोडलंत ते योग्यच. पैसे जाताना मी पाहिले ते दोन तऱ्हांनी: ‘बघू तरी काय आहे’ म्हणून केलेला कॉल, आणि संध्याकाळपासून गेलेले एका डावात परत आणायचे म्हणून केलेला कॉल.
पण उलटी चूकही तितकीच होते. फ्लॉपला फ्लशसाठी एक पान हवं, पॉट १३,०००, समोरून ६,००० चा ऑल-इन. माणूस घाबरून पानं टाकतो. अहो, नऊ पानं तुमची आहेत, दोन पानं यायची आहेत, फ्लश लागायची शक्यता ३५ टक्के! ६,००० घालून २५,००० साठी २४ टक्के पुरतात. तोच माणूस टर्नला, एकच पान उरलेलं असताना, पॉटएवढा ऑल-इन उत्साहाने कॉल करतो. तिथे शक्यता २० टक्क्यांच्याही खाली आणि हवेत ३३.

त्रैराशिक:
फ्लॉपचं अगदी पटलं. थरथरीवर मात्र मी १३,००० सोडणार नाही, काहींचे हात एसीनेही थरथरतात. कुडाळकर, समोर काकांऐवजी दोन तासांत तीनदा ब्लफ करताना पकडला गेलेला पोरगा असता तर?

कुडाळकर:
तर कॉल, विचार न करता. आणि माझा एक्का इस्पिकचा असता तर आणखी लवकर, कारण मग सगळ्यात मोठा फ्लश त्याच्याकडे असूच शकत नाही. काकांसमोर मात्र इस्पिक एक्का असता तरी मी सोडलं असतं.

त्रैराशिक:
इस्पिक एक्का हातात असताना? नाही हो. तिथे मी काकांनाही कॉल करणार.