शिरा फुगलेल्या, पण पावलाची नाडी लागत नाही: स्टॉकिंग (दाब देणारा घट्ट मोजा) द्यावं का?

परिचारिका_इंदूर
रुग्णाचं वय ६४, मधुमेह, विडी चालू. राजवाड्याजवळच्या कापडाच्या दुकानात दिवसभर उभं काम. डाव्या पोटरीवर शिरांचे गुंते, संध्याकाळी घोट्याला सूज. पण दोन गल्ल्या चाललं की पोटरीत गोळा येतो, थांबलं की जातो. पावलावरची नाडी हाताला लागत नाही. घरच्यांनी मेडिकलमधून क्लास २ चं स्टॉकिंग आणलंय. घालू द्यावं का? आणि लेसरने शीर जाळून बंद करण्याचं काय?

डॉपलर_वडोदरा
ताई, तपासणी होईपर्यंत घालू देऊ नका. क्लास २ म्हणजे घोट्यावर साधारण २३ ते ३२ मिमी पाऱ्याचा दाब. धमनीतलं रक्त आधीच तोकडं असेल तर तेवढ्याने कातडीचा पुरवठा तुटतो. घोट्याचं हाड, नडगीची धार, टाच इथे कातडी काळी पडते. मधुमेहाने पाय बधिर असेल तर रुग्णाला कळतही नाही.

आधी एबीआय, म्हणजे घोट्याच्या आणि हाताच्या रक्तदाबाचं गुणोत्तर, काढा. दहा मिनिटं उताणं झोपवा, पट्टा घोट्याच्या लगेच वर बांधा आणि हँड डॉपलरने (रक्ताचा प्रवाह ऐकवणारं हातात धरायचं यंत्र) पावलावरच्या व आतल्या घोट्यामागच्या नाडीचा वरचा दाब घ्या. स्टेथोस्कोपवर विसंबू नका. त्यातला मोठा आकडा भागिले दोन्ही हातांतला मोठा आकडा: घोटा ८४, हात १४०, म्हणजे ०.६. ०.९ च्या खाली धमनीचा आजार धरा. ०.५ च्या खाली, किंवा घोट्याचा दाब ६० च्या खाली असेल तर स्टॉकिंग नाही, घट्ट क्रेप पट्टीही नाही. मधल्या ०.५ ते ०.८ मध्ये हलका दाब, तोही तज्ज्ञाच्या देखरेखीत.

मधुमेही_पाय
मधुमेहात हा आकडा फसवतो. धमनीत चुना साठला की ती पट्ट्याने दबतच नाही आणि एबीआय १.४ च्या वर दिसतो. तेव्हा पायाच्या अंगठ्याचा दाब मोजायचा. ३० च्या खाली असेल तर पाय धोक्यात.

रक्तवाहिनी_सर्जन
लेसरची घाई तर मुळीच नको. मांडीच्या आतून जाणारी ग्रेट सॅफेनस शीर हीच पुढे धमनीच्या बायपासला लागते. जाळली की गेली. सोनोग्राफीत शीर ३ मिमीच्या वर आणि भिंत चांगली असेल तर ती राखून ठेवा. फार फुगून वेडीवाकडी झालेली शीर मात्र बायपासला चालत नाही. आधी धमनीचं बघा, विडी बंद करा, स्टॅटिन (कोलेस्टेरॉलचं औषध) आणि अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी टाळणारी औषधं) डॉक्टरांकडून सुरू करून घ्या.

परिचारिका_इंदूर
सुजेसाठी पाय उशांवर उंच ठेवायला सांगितलं होतं.

डॉपलर_वडोदरा
उंच नको, धमनीचं रक्त आणखी घटतं. पाय छातीच्या पातळीलाच ठेवा. रात्री पाय खाली सोडल्यावर दुखणं थांबत असेल किंवा बोटांवर जखम दिसली तर त्याच दिवशी पाठवा.