मोबाइलवरची रामरक्षा आणि आजीचा हात
वर एका ताईंनी लिहिलंय, की मुलांना मोबाइलवर स्तोत्रं लावून दिली की आपोआप पाठ होतात. पाठ होतात, हे खरं आहे. आमच्या इंदूरच्या घरात तर मुलं शाळेत दिवसभर हिंदी-इंग्रजी बोलतात, त्यामुळे उच्चार कानावर पडायला त्याचा उपयोगच झाला.

पण माझ्या मुलाला रामरक्षा आवडायला लागली ती सासूबाईंमुळे. रात्री दिवा मालवला की त्या त्याला कुशीत घेतात. रामरक्षेत 38 श्लोक आहेत, त्यातल्या कवचात डोकं, कपाळ, डोळे, कान असं एकेक अंग येतं. त्या प्रत्येक शब्दाला त्यांचा हात तिथे तिथे फिरतो. कानांपर्यंत येईतो पोरगं निम्मं झोपलेलं असतं.

मला खरी काळजी वाटते ती फॉरवर्डची. "11 जणांना पाठवा, नाहीतर अनर्थ होईल" असा गणपतीचा मेसेज वाचून तो दोन दिवस घाबरला होता. मग त्याला इथल्या खजराण्याच्या गणपती मंदिरात घेऊन गेले. गाभाऱ्यासमोर त्याने हळूच विचारलं, "आई, बाप्पा खरंच रागावतो?" मी म्हटलं, "बाळा, तो मेसेज बाप्पाने नाही, कुठल्यातरी माणसाने लिहिलाय." घरी आल्यावर आम्ही दोघांनी मिळून तो पुसला. कृपा करून असे मेसेज घरच्या ग्रुपवर टाकू नका, मुलं वाचतात.