अकरावी बैठकही फिसकटली: थांबायचं की सही करायची?

सरचिटणीस
मंडळी, कंपनीबरोबरची आजची बैठक चाळीस मिनिटांत उरकली. जुना पगारवाढ करार ३१ मार्चला संपला, त्याला सात महिने झाले. चाकणच्या चहाच्या टपऱ्यांवर नाही नाही ते आकडे फिरतायत, म्हणून जे आहे ते सांगतो. आपली मागणी ३ वर्षांसाठी पगारात १८,००० रुपयांची वाढ. कंपनी १२,००० वर अडून बसली आहे, तेही ४ वर्षांसाठी, वर्षागणिक ४०:२०:२०:२० टक्के अशा वाटणीने आणि सीटीसी धरून, म्हणजे पीएफसारखा कंपनीचा खर्चही त्यातच. वर सायकल टाइम, म्हणजे एका जॉबला मिळणारा वेळ, ५८ सेकंदांवरून ५२ वर आणायचा. महिनाअखेर सही केली तर वाढीचा फरक १ एप्रिलपासून, नाहीतर सहीच्या तारखेपासून, असं तोंडी सांगितलं. लेखी द्या म्हटलं तर विषयच बदलला.

माझं मत, थांबावं. आकड्यापेक्षा मला वाटप खटकतंय. वाढीतला मोठा भाग विशेष भत्त्यात टाकायचा आणि बेसिकला जेमतेम हात लावायचा, असा डाव आहे.

पेंट शॉप, पहिली पाळी
साहेब, माझं म्हणणं सरळ आहे, सही करा. मोशीच्या फ्लॅटचा हप्ता ५ तारखेला कापला जातो, बँकेला आपल्या बैठकांशी काय देणंघेणं? बेसिकमध्ये टाकले तर त्यातले १२ टक्के पीएफला जाणार. मला भत्त्यातच द्या, निदान हातात तरी येतील. आणि सात महिन्यांचा फरक बुडाला तर तो कमिटी भरून देणार आहे का?

टूल रूम
भाऊ, तुझी नोकरी सहा वर्षांची, म्हणून असं बोलतोस. ग्रॅच्युइटी कशी काढतात ते बघ. शेवटचा बेसिक-डीए भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. मला निवृत्तीला २६ वर्षं भरतील. म्हणजे बेसिकमध्ये १,००० वाढले की माझे १५,००० वाढले. भत्त्यात वाढले तर काही नाही. शिवाय तुझे १२ टक्के कापतात तेव्हा कंपनीलाही तेवढेच भरावे लागतात, ते विसरलास.

पेंट शॉप, पहिली पाळी
काही नाही कसं, दादा? नव्या श्रम संहितेत भत्ते एकूण पगाराच्या ५० टक्क्यांच्या वर गेले की वरचा भाग वेतनातच धरतात.

टूल रूम
वरचा भाग, बरोबर. आपले भत्ते आत्ता ४०-४२ टक्क्यांवर आहेत. ५० पर्यंतची जागा भरून काढायची घाई कुणाला आहे, ते तूच सांग.

असेंब्ली लाइन, दुसरी पाळी
पैशांवर सगळे बोलतायत, सहा सेकंदांवर कुणीच नाही. जेवण आणि दोन चहा वजा जाता पाळीत ४३० मिनिटं उरतात. ५८ ने ४४४ जॉब होतात, ५२ ने ४९६. बावन्न जॉब जास्त! माझ्या स्टेशनला चार बोल्ट टॉर्क करून (ठरलेल्या जोराने आवळून) प्रत्येकावर पिवळ्या मार्करने खूण करायची असते. सहा सेकंद फक्त तिथूनच निघतील. म्हणजे न बघता खुणा मारायच्या. मग रिजेक्शन आलं की मेमो कुणाला, हे वेगळं सांगायला नको. १८,००० दिले तरी मी याला नाही म्हणेन.

प्रेस शॉप
नाही म्हणून करणार काय? आमच्या लाइनवर १९ माणसं, त्यात कायम ६. बाकी कंत्राटी आणि ट्रेनी. आपण बाहेर बसलो तर दोन दिवस अडेल, तिसऱ्या दिवशी लाइन चालू. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत अडीच लाख गिरणी कामगार संपावर बाहेर पडले होते, त्यांचं काय झालं? माझे आजोबा त्यातलेच. मिळतंय ते पदरात पाडून घ्या.

टूल रूम
आजोबांबद्दल आदर आहे, पण ते उदाहरण इथे बसत नाही. तिथे कामगार होते संपाचे नेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे आणि कायद्याने बोलणी करायचा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे. आपल्याकडे मान्यता याच युनियनला आहे. कंत्राटी पोरांचं मात्र तू खरं बोललास. मागणीपत्रात त्यांच्यासाठी एक ओळ नाही आणि अडचणीत त्यांनी आपल्यासाठी थांबावं ही अपेक्षा.

सरचिटणीस
ती चूक कमिटीची, माझीही. मान्य.

संपाबद्दल उगाच हवा नको. त्याला आधी सभासदांचं मतदान लागतं, मग १४ दिवसांची नोटीस. मुद्दाम काम हळू करणं कायद्याने अनुचित कामगार प्रथेत बसतं, तेव्हा लाइनवर कुणी परस्पर शहाणपणा करू नका. सध्या काळ्या फिती आणि ओटी (ओव्हरटाइम) बंद, एवढंच. बुधवारी कामगार उपायुक्तांकडे अर्ज देतोय. त्यांच्यासमोर करार झाला तर तो सभासद नसलेल्यांनाही लागू होतो.

पेंट शॉप, पहिली पाळी
आणि फरक?

सरचिटणीस
१ एप्रिलची तारीख अर्जात पहिल्याच ओळीत घातली आहे. मिळेलच असा शब्द देत नाही. रविवारी सकाळी १० ला युनियन ऑफिसात सभा आहे. सप्टेंबरची पगार स्लिप घेऊन या. असेंब्लीवाल्याने ते चार बोल्टचं प्रकरण वेळेसकट कागदावर लिहून आणावं, पुढच्या बैठकीत मला तेच टेबलावर ठेवायचं आहे.