शनिवारवाड्यात क्यूआर कोड लावून भागेल का?

कसबेकर: दिल्ली दरवाजातून आत गेलेले पाहुणे थोड्या वेळात "आत तर काहीच नाही" म्हणत बाहेर येतात. १८२८च्या आगीत लाकडी महाल जळाले. उरली तटबंदी, दरवाजे आणि जोती. कुठल्या जोत्यावर काय उभं होतं, हे नुसतं बघून कसं कळणार? जोत्याजोत्याला क्यूआर कोड लावा आणि सुट्टीच्या दिवशी इतिहासाचे विद्यार्थी उभे करा. आहे कुणाचा विरोध?

पर्वती_पायथा: माझा आहे. कोड दोन पावसाळ्यांत पुसट होणार, त्यामागची वेबसाइट त्याआधीच बंद पडणार. शिवाय वाड्यात येऊनही मोबाईलमध्येच डोकं? चार ठसठशीत मराठी फलक लावा, झालं.

नळ_आणि_हौद: फलकावर मावणार किती? कात्रजचा नळच घ्या. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून पाणी गावातल्या हौदांपर्यंत आलं, तेही जमिनीखालून. वर दिसतात ते उच्छ्वास, म्हणजे नळातली हवा बाहेर सोडणारे खांब. हे खांब कसले, हे शेजारी राहणाऱ्यांनाही माहीत नसतं. पायाखालचा नळ कुठून कुठे गेलाय, ते फोनवरच्या नकाशावरच नीट कळेल.

पर्वती_पायथा: नळाचं पटलं. वाड्याचं नाही.

जुना_गाईड: विद्यार्थी फुकट माहिती देणार, मग आमच्या पोटाचं काय? मानधन द्या, निवड करा, मग बोलू.

दप्तरवाली: पैशाचा मुद्दा रास्त आहे. पण गाईड असो की विद्यार्थी, गर्दी जमते ती "काका, मला वाचवा"वरच. नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३चा, त्याला कागदांचा आधार आहे. अमावास्येच्या रात्री ऐकू येणारी हाक ही मात्र ऐकीव गोष्ट. सांगायला माझी हरकत नाही, फक्त ऐकीव म्हणून सांगा! आणि कोडमागचा मजकूर कोण तपासणार? पेशवे दप्तर, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराचे कागद, पुण्यात, भारत इतिहास संशोधक मंडळ १९१०पासून इथेच. तरी मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवरून उचलायचा, हे मला चालणार नाही.

कसबेकर: मान्य, तपासूनच घेऊ. पण मजकूर फोनवर असला तर चूक सापडल्यावर लगेच दुरुस्त होते. दगडी फलकावरची चूक पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहते.

दप्तरवाली: म्हणूनच फलक लिहिताना माणूस दहादा विचार करतो. आधी एका जोत्याचा मजकूर लिहून दाखवा. आणि केंद्राचं संरक्षित स्मारक आहे ते, परवानगीशिवाय तिथे खिळाही ठोकता येत नाही.