आत्याचा फॉर्म कोण भरणार?

ग्रुप: आपला गोतावळा

दादा (रत्नागिरी): मंडळी, सुप्रभातवाल्यांनी जरा थांबा. आमच्या मत्स्यसंवर्धकांच्या संस्थेने पुरस्कारांसाठी नामांकनं मागवली आहेत. तीन पुरस्कार, हातात दहा दिवस, आणि आलेला अर्ज एकच. तोही त्या माणसाने स्वतःच स्वतःसाठी भरलाय.

काका: मग द्या त्याला. विषय संपला.

दादा: दरवर्षी तेच होतं. मग चहाच्या टेबलावर सगळे म्हणतात, "ओळखीतल्याला दिला." अहो, दुसरं नावच आलं नाही तर समितीने आणायचं कुठून?

वहिनी: आत्यांचं का नाही देत? उभी नोकरी माशांची पिल्लं काढण्यात गेली त्यांची.

आत्या: पिल्लं नाही गं, मत्स्यजिरे, अंड्यातून नुकते निघालेले. आणि माझं नाव नको. पगार घेत होते मी.

दादा: झालं! ज्याला विचारावं तो हेच म्हणतो. मोदाडुगु विजय गुप्तांना २००५ मध्ये वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं, तेही नोकरीच करत होते की.

काका: हे कोण?

दादा: आंध्रातले मत्स्यशास्त्रज्ञ. बांगलादेशात परसातली डबकी, रस्त्याकडेचे खड्डे, जिथे वर्षातून काही महिनेच पाणी असतं, त्यात मासे वाढवायला त्यांनी खेड्यातल्या बायकांना शिकवलं. त्या पुरस्कारालाही नामांकन लागतं. म्हणजे कुणीतरी बसून ते लिहिलंच ना?

आई: वन्सं, रविवारी येताय ना? सुरमई आणते.

आत्या: येते. सुरमई नको, महाग आहे. बांगडा आण.

ताई (नाशिक): दादा, मग तूच लिही. तुला सगळं माहीत आहे.

दादा: मी समितीवर आहे आणि तिचा सख्खा भाचा. तिचं नाव चर्चेला आलं की मला खोलीबाहेर बसावं लागेल. लिहिणारा घराबाहेरचा हवा. तिच्या हाताखाली शिकलेला, नाहीतर तिच्याकडून मत्स्यबीज नेलेला एखादा शेततळेवाला. तू फक्त मुद्दे काढून दे त्याला.

ताई: हे बघ, सुरुवात केली: "आदरणीय आत्या या अत्यंत कष्टाळू, मनमिळाऊ व निष्ठावान..."

दादा: खोड ते. फॉर्ममध्ये आजवर मनमिळाऊ नसलेला माणूस आलेला नाही. काय केलं, आधी काय होतं, नंतर काय झालं, एवढंच लिही. आत्या, इंजेक्शनाचं सांग ना तिला.

आत्या: टाइप करत बसत नाही. बोलून पाठवते.

ताई: ऐकलं. बाकीच्यांसाठी उतरवून टाकते:

"रोहू, कटला, मृगळ नदीत पावसाळ्यात अंडी सोडतात, तळ्याच्या साठलेल्या पाण्यात सोडत नाहीत. म्हणून टोचावं लागतं. आधी माशाच्या डोक्यातून पिट्युटरी ग्रंथी काढायची, वाटाण्याहून लहान असते, ती अल्कोहोलमध्ये ठेवायची आणि ऐनवेळी घोटून टोचायची, म्हणजे मासा अंडी सोडतो. मादीला दोनदा, मधे सहा तास. म्हणजे दिवेलागणीला पहिलं, मध्यरात्री दुसरं, उजाडताना अंडी. तुमच्या आत्येकाकांनी तेवढे पावसाळे स्वतःच भात शिजवला. पुढे तयार औषध आलं, एकदाच टोचायचं, तेव्हा झोप मिळाली. आमचा खरा त्रास पुढचा. पाणी तापलं की जिरे जायचे. मी तीन पावसाळे दिवसातून तीनदा तापमान वहीत लिहिलं आणि त्यावरून पाणी सोडायच्या वेळा बदलल्या. मग शेतकऱ्यांच्या तक्रारी कमी झाल्या."

दादा: ही वही म्हणजेच नामांकन! १० जुलै १९५७ ला ओडिशात अंगुलला हिरालाल चौधुरी आणि अलीकुन्ही या मत्स्यशास्त्रज्ञांनी या माशांना असंच टोचून बीज काढलं, म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिवस. आपल्या घरात त्याच वाटेवरचं काम पडून आहे आणि आपण गुड मॉर्निंगचे गुलाब पाठवतोय.

काका: गुलाब मी पाठवतो. रोख कळला. पण मिळून काय मिळतं? शाल आणि नारळ.

वहिनी: काका, तुमच्या साठीच्या सत्काराचा फोटो अजून हॉलमध्ये आहे 🙂

काका: 🙏

आत्या: वही माळ्यावरच्या निळ्या पेटीत आहे. पहिली पानं झुरळांनी खाल्लीत. पण खरं सांगू का, रात्री जाळं ओढायला जो आमचा माणूस होता ना, त्याच्याशिवाय काही झालं नसतं. मादी हातात घेऊन पोटावरून सांगायचा, आज टोचा, उद्या नको. चुकलेला मला आठवत नाही. शाळा चौथीपर्यंत. त्याला देता का पुरस्कार?

दादा: आत्या, तिसरा पुरस्कार अशाच माणसांसाठी ठेवलाय. जाळ्यावर, टाकीवर काम करणाऱ्यांसाठी. त्याला अजून एकही अर्ज आलेला नाही.

आत्या: आधी नाही का सांगायचं?

दादा: तुम्ही सुरमईवर होतात.

आत्या: त्याचा फॉर्म मी भरते. माझं अक्षर वाईट आहे, चालेल का?

दादा: चालेल. त्याच्या नावाच्या चर्चेत मला बाहेरही बसावं लागणार नाही.

ताई: आणि आत्याचा? लिहिणारा कोण?

आत्या: सांगोल्याचा एक शेततळेवाला आहे, दर दिवाळीला फोन करतो. नंबर तुला वेगळा पाठवते. पण मी सांगितलं असं म्हणू नकोस.

आई: बांगडे किती आणू, ते कुणीतरी सांगा.